पद्मिनीच्या पुढच्या काचेची गळती

जुन्या गाडीच्या पुढच्या काचेतून पाणी आत येऊ लागले की पहिला संशय काचेभोवतीच्या रबरावर घेतला जातो आणि पहिला उपाय म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणली जाते. माझ्याकडच्या १९८६ सालच्या प्रीमियर पद्मिनीवर आधीच्या मालकांच्या काळात हा उपाय बऱ्याचदा झालेला असावा, कारण काचेच्या खालच्या कडेला पारदर्शक, पांढऱ्या आणि काळ्या सिलिकॉनचे थर एकावर एक चढलेले होते आणि तरीही पावसाळ्यात डाव्या बाजूची पायाखालची मॅट ओलीच राहत असे. ही गळती मुळातून काढायची म्हणून या उन्हाळ्यात काच उतरवली, आणि त्या कामात जे दिसले व जे समजले ते येथे सविस्तर लिहीत आहे. नवे रबर बसवले म्हणजे गळती थांबली असे होत नाही. रबर ज्या पत्र्याच्या कडेला धरून बसते ती कड शाबूत असेल तरच ती थांबते, हे माझे मत या कामानंतर पक्के झाले आहे.

असे का होते हे समजण्यासाठी गाडीची बांधणी थोडी पाहावी लागेल. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११०० डी. इटलीत १९५३ साली ११००/१०३ हे मॉडेल आले तेव्हा वेगळी चासी आणि तिच्यावर चढवलेली बॉडी ही जुनी रचना सोडून दोन्ही एकसंध करण्यात आल्या होत्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये ११०० डी आपल्याकडे आणली, १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून ती शतकाच्या अखेरीपर्यंत बाहेर पडत राहिली. इतक्या वर्षांत तिच्या सांगाड्यात फारसा फरक झाला नाही. अशा एकसंध बॉडीत पुढच्या काचेची चौकट ही वेगळी वस्तू नसतेच. वरून छताचा पत्रा, दोन्ही बाजूंनी खांबांचे पत्रे आणि खालून डॅशबोर्डच्या पुढचा पत्रा येतो, त्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून ठरावीक अंतरावर स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्याएवढे वेल्डिंगचे टाके, मारलेले असतात, आणि त्यातून काचेच्या पोकळीभोवती सलग फिरणारी एक अरुंद उभी पट्टी तयार होते. गॅरेजमध्ये तिला नुसते ‘कड’ म्हणतात आणि मीही तोच शब्द वापरणार आहे. काचेचे रबर आडवे कापून पाहिले तर त्याला पाठीला पाठ लावलेल्या दोन खाचा दिसतात: एका खाचेत काच बसते आणि दुसरी खाच या पत्र्याच्या कडेवर चढते. माझ्या गाडीच्या रबरात बाहेरच्या बाजूला तिसरीही एक बारीक खाच आहे, तिच्यात चमकदार पट्टी दाबून बसवली की रबर फुगते आणि पहिल्या दोन खाचांचे ओठ काचेवर व पत्र्यावर घट्ट दाबले जातात.

म्हणजे पाण्याला आत यायला दोन उघड वाटा आहेत, एक काच आणि रबर यांच्यामधून आणि दुसरी रबर आणि कड यांच्यामधून. या दोन वाटांचा विचार सगळेच करतात. तिसरी वाट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही, आणि ती आहे कडेच्या दोन पत्र्यांच्या मधली. दोन स्पॉट वेल्डच्या मध्ये हे पत्रे एकमेकांना नुसते टेकलेले असतात. कारखान्यात त्या सांध्यावर सीलर लावलेला असतो, पण तीस-चाळीस उन्हाळ्यांनंतर तो वाळून तडकतो, आणि मग रबराच्या ओठाबाहेर साचलेले पाणी रबराला अजिबात न शिवता सांध्यात शिरून डॅशबोर्डच्या मागे उतरते. तेथे तुम्ही बाहेरून कितीही सिलिकॉन लावा, पाण्याची वाट त्याच्या खालून जाते. काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांत हे सर्वांत आधी घडते, कारण काचेवरून ओघळलेले सगळे पाणी तेथे येते आणि रबराच्या ओठामागे पन्हळीसारखे भरून राहते. सोसायटीत माझी गाडी उभी करायची जागा एका बाजूला उतरती आहे. गाडी नाक आत करून लावली की डावा कोपरा खाली जातो आणि मॅट ओली होते, उलटी लावली की होत नाही. सुरुवातीला या गोष्टीने गोंधळ उडवला होता, पण हाच गळतीचा सर्वांत सरळ पुरावा होता.

गळती शोधताना एक नियम पाळावा: पाणी जेथे टपकते तेथून ते आत आलेले असेलच असे धरून चालू नये. पत्र्याच्या आतल्या बाजूने, वायरींच्या जुडग्यावरून, खांबाच्या आतील अस्तराच्या कडेने ते हातभर लांब प्रवास करते आणि मग सोयीच्या ठिकाणी खाली पडते. म्हणून आधी मॅट, खालचा फोम आणि डॅशबोर्डखालचे पुठ्ठ्याचे आवरण काढून सगळे कोरडे पुसून घेतले, आतल्या कडेवर खडूची पूड ब्रशने भुरभुरवली आणि मग पाइप हातात घेतला. पूड अशासाठी की कोरड्या पांढऱ्या पुडीवर पाण्याचा पहिला ओघळ गडद रेघ काढून जातो आणि ती रेघ नंतरही वाचता येते. पाण्याला जोर ठेवायचा नाही. नळ इतकाच उघडायचा की धार पाइपच्या तोंडातून हलकेच वाहील. जोराची धार चांगल्या रबराचाही ओठ उचलते आणि नसलेली गळती दाखवते. आणि पाणी खालून वर न्यायचे, वरून खाली नव्हे. आधी फक्त खालची कड भिजवून काही मिनिटे थांबायचे, मग बाजूच्या कडा थोड्या थोड्या वरपर्यंत, आणि शेवटी छताची बाजू. वरून सुरुवात केली तर सगळेच एकदम भिजते आणि कोणत्या जागेने दगा दिला ते कळत नाही.

हे काम एकट्याने होत नाही. माझी मुलगी टॉर्च घेऊन आत पाय ठेवायच्या जागेत आडवी झाली आणि मी बाहेर पाइप धरून उभा राहिलो. खालचा डावा कोपरा भिजवून बराच वेळ काही झाले नाही, आणि मी पाइप पुढे सरकवणार इतक्यात आतून आवाज आला, “बाबा, थांबा, हलवू नका. रबरातून नाही येत, त्याच्या खालच्या जोडातून येतंय.” मी जाऊन पाहिले तर रबराचा आतला ओठ पूर्ण कोरडा होता आणि त्याच्या बोटभर खाली, जेथे खांबाचा पत्रा पुढच्या पत्र्याला मिळतो तेथे, पुडीवर एक करडी रेघ उमटत होती. रेघेच्या वरच्या टोकाला पाण्याचा रंग तपकिरी होता. पाणी तपकिरी होऊन आले म्हणजे ते गंजातून गाळून आले, आणि गंज रबरात नसतो.

उभ्या गाडीवरच्या चाचणीत गळती दिसली नाही तरी ती नाहीच असे मात्र म्हणता येत नाही. गाडी वेगात असते तेव्हा समोरून येणारी हवा बॉनेटवरून सरकत काचेच्या पायथ्याशी अडते आणि तेथे दाब वाढतो. घोडबंदर रोडवर पावसात उभ्या गाडीत कोरडा राहणारा कोपरा साठच्या वेगाला पाझरू लागतो तो यामुळे. अशा वेळी उलट दिशेने तपासावे. काचा आणि दारे बंद करून, एका खिडकीतून ब्लोअरचे तोंड आत घालून आजूबाजूची फट टेप आणि पुठ्ठ्याने बुजवावी आणि बाहेरून काचेभोवती साबणाचे पाणी लावावे. आतली हवा जेथून निसटते तेथे बुडबुडे येतात. दारांच्या जुन्या रबरांतूनही हवा जातेच, त्यामुळे दाब फार चढत नाही, पण काचेभोवतीचे बुडबुडे दिसण्याइतका तो पुरतो.

काच उतरवण्यापूर्वी बाकीचे संशयित निकाली काढले पाहिजेत, नाहीतर सगळे काम होऊनही मॅट ओली ती ओलीच. वायपरचे दांडे पत्र्यातून जेथे बाहेर येतात तेथले रबरी वायसर वाळून कडक होतात आणि तेथून आलेले पाणी काचेच्या गळतीसारखेच डॅशबोर्डखाली पडते. दाराच्या तिकोनी काचेचे रबर हा या गाड्यांचा जुना आजार आहे. दाराच्या आत उतरलेले पाणी तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवे. ती भोके मातीने बुजली किंवा आतल्या पॅनेलमागचा प्लास्टिकचा कागद कोणी फाडून फेकला असेल, तर ते पाणी पायरीवरून आत येते. माझ्याकडे वायपरचे वायसरही गेलेले होतेच, पण तो पाझर थेंबाथेंबाचा होता.

आता सिलिकॉनबद्दल. बाजारात सहज मिळणाऱ्या स्वस्त सिलिकॉनपैकी बरेचसे वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतात. ट्यूब उघडल्यावर नाकात चढणारा सिरक्यासारखा वास तो हाच. बाथरूमच्या टाइल्सवर याने काही बिघडत नाही, पण उघड्या किंवा आधीच गंजू लागलेल्या लोखंडी पत्र्यावर हे आम्ल गंजाला खतपाणीच घालते. शिवाय सिलिकॉन रबराला नीट चिकटत नाही, काही महिन्यांत एका कडेने सुटते, आणि सुटलेल्या थराखाली पाणी अडकून पडते. जे पाणी पूर्वी आत येऊन निदान वाळत होते ते आता कायम पत्र्याला लागून राहते. तिसरा त्रास पुढच्या माणसाला होतो, कारण ज्या पत्र्यावर सिलिकॉन लागले त्यावर रंग धरत नाही, फवारताच गोल गोल खड्डे पडतात. माझ्या गाडीवर हे काम ज्या गॅरेजमध्ये झाले असेल त्यांनी ते गिऱ्हाईक लवकर मोकळे करण्यासाठी केले असेल, पण कोपऱ्यातला पत्रा सडला तो मुख्यतः त्या थरांखाली, याविषयी मला शंका नाही. काचेसाठी मिळणाऱ्या अगदी पातळ, फटीत आपोआप ओढल्या जाणाऱ्या सीलंटची गोष्ट वेगळी आहे. रबर चांगले, कड चांगली आणि फक्त काच व रबर यांच्यामध्ये केसाएवढी फट, अशा प्रसंगी ते खरोखर चालते. मात्र असा प्रसंग तिशी ओलांडलेल्या गाडीत क्वचित येतो.

काच उतरवायला मी घाटकोपरच्या बाजूचे एक जुने काचवाले बोलावले होते. त्यांना सगळे चाचा म्हणतात आणि टॅक्सींच्या काचा बसवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. वायपर काढले, चमकदार पट्टी एका टोकाकडून अलगद उचलून खाचेतून बाहेर घेतली. ही पट्टी वाकली की पुन्हा सरळ होत नाही, म्हणून तिला एका दमात ओढायचे नाही, बोटाने दाबत दाबत सोडवायची. नंतर चाचांनी धारदार ब्लेडने रबराचा बाहेरचा ओठ सगळीकडून कापून टाकला. रबर बदलायचेच असेल तर ते वाचवण्याचा प्रयत्न करू नये; जुने कडक रबर उचकटताना स्क्रू ड्रायव्हर काचेच्या कडेला लागतो आणि काच जाते. माझी काच लॅमिनेटेड आहे, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. अशी काच मधोमध बराच दाब सहन करते, पण कडेला बारीकसा टवका उडाला तरी तेथून तडा सुरू होतो आणि तो हळूहळू चालत जातो. टफन केलेल्या काचेचे याच्या उलट असते: ती तडकत नाही, फुटली तर एकदम सगळी चुरा होते. आपल्या गाडीत कोणती काच आहे हे कोपऱ्यावरच्या शिक्क्यावरून आधीच पाहून ठेवावे. चाचा पुढच्या सीटवर पाठ टेकून, कापडी बूट घालून, दोन्ही पाय काचेच्या वरच्या भागावर लावून हळूहळू दाब देत गेले आणि बाहेरून आम्ही दोघांनी काच झेलली. उतरवलेली काच आडवी ठेवायची नाही. गोणपाट गुंडाळलेल्या दोन लाकडी ठोकळ्यांवर ती भिंतीला टेकवून उभी ठेवली. तिच्या खालच्या कडेला दुधी पट्टा आलेला दिसला, म्हणजे तेथे पाणी त्या मधल्या पापुद्र्यापर्यंत पोहोचले होते. तो पट्टा रबराच्या आत झाकला जाण्याइतका अरुंद होता, म्हणून तीच काच ठेवली.

खालच्या कडेवरचे सिलिकॉन, जुना काळा सीलर आणि माती प्लास्टिकच्या खरवडणीने काढत गेलो तेव्हा उजवा कोपरा वरवरच्या गंजावर निभावला होता. डावीकडे मात्र रंगाखालचा भाग बोटाने दाबला तर किंचित दबत होता. पत्र्याचे काम करणाऱ्या डेंटरने हातोडीच्या टोकाने दोनदा टकटक केले, आवाज ऐकला आणि म्हणाला, “साहेब, हा पत्रा नाही, नुसती लांबी आहे.” लांबी म्हणजे रंगाआधी पत्र्यातले खड्डे भरायचा लगदा. पटाशीने त्याने तो भाग उचकटला तेव्हा लांबीचा तुकडा अखंड सुटून आला, त्याच्या खाली कोणीतरी दाबलेला इपॉक्सी पुट्टीचा गोळा, आणि त्याच्या खाली पापडी होऊन पाने सुटलेला पत्रा. साधारण चार बोटे लांबीची कड जागेवर नव्हतीच. रबराची खाच तेवढ्या भागात लांबीवर चढलेली होती. वरून पाहणाऱ्याला कडेची रेषा सरळ आणि रंगवलेली दिसत होती.

अशा ठिकाणी दोन मार्ग असतात, आणि दुसरा इतका सोपा असतो की पहिला निवडायला थोडा हट्ट लागतो. सडलेला भाग पुन्हा पुट्टीने भरून, घासून, रंगवून वर नवे रबर बसवता येते आणि एक पावसाळा तो टिकतोही. आम्ही सडलेला पत्रा चांगले धातू दिसेपर्यंत कापून काढला. कापताना गंजाच्या रेषेवर थांबायचे नाही, तिच्या पलीकडे चकचकीत पत्र्यात जायचे, नाहीतर वेल्डिंगची धार पातळ पत्र्यात भोक पाडत जाते. २० गेजच्या पत्र्याचा तुकडा वाकवून कडेचा आकार दिला, आणि तो सीओटू वेल्डिंगने, एक टाका येथे आणि दुसरा दूर असा थांबत थांबत बसवला, म्हणजे उष्णता एका जागी साठून चौकट वाकणार नाही. गॅस वेल्डिंगने हे काम होत नाही असे नाही, पूर्वी तसेच होत असे, पण काचेच्या चौकटीत काही मिलिमीटरचा पीळ आला तरी काच त्या पिळावर बसते आणि पुढे कधीतरी खड्ड्यात तडकते. डॅशबोर्डमागचे वायरिंग ओल्या गोणपाटाने झाकले होते, बॅटरी काढून ठेवली होती आणि पाण्याची बादली शेजारी होती. डॅशमागचा जुना नमदा ठिणगीने पेट घेतो. वेल्डिंगनंतर ग्राइंडरने कड मूळ जाडीची होईपर्यंत घासली. कड जाड राहिली तर रबराची खाच तिच्यावर पूर्ण चढत नाही, ओठ उघडा राहतो, आणि चांगल्या वेल्डिंगवरही गळती तशीच राहते.

राहिलेल्या कडेवरचा बारीक गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने जितका निघाला तितका काढून, छिद्रांमध्ये अडकलेल्यावर फॉस्फोरिक ॲसिडवाले गंजरोधक लावले. ते वाळल्यावर पाण्याने पुसून घ्यायचे की तसेच ठेवायचे हे त्या त्या बाटलीवर लिहिलेले असते आणि ते पाळावे, कारण उरलेल्या आम्लावर प्रायमर सुटतो. मग इपॉक्सी प्रायमर, त्यावर दोन पत्र्यांच्या सांध्यात सगळीकडून ब्रशने दाबून भरलेला सीम सीलर, आणि शेवटी गाडीच्या रंगाचा पातळ हात. बाजारात सगळीकडे मिळणारे रेड ऑक्साइड वापरायला डेंटर आग्रह करत होता. ते वाईट नाही, पण साधे रेड ऑक्साइड पाणी पूर्ण अडवत नाही आणि येथे तर पाणी साचणारच आहे. नव्या तुकड्याची आतली बाजू, जेथे रंगाचा ब्रश पोहोचत नाही, तेथे डॅशबोर्डखालून लांब नळीने मेण फवारले. मे महिन्याच्या उन्हात रंग लवकर हाताला लागेनासा होतो, तरी रबर चढवण्याची घाई केली नाही, कारण वरून कोरडा वाटणारा कच्चा रंग रबराच्या दाबाखाली सोलून निघतो.

रबर मिळवणे हा एकेकाळी प्रश्नच नव्हता. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या पद्मिनी हजारोंनी धावत होत्या तोवर त्यांचे प्रत्येक रबर, वायसर आणि क्लिप ऑपेरा हाऊसच्या आणि कुर्ल्याच्या दुकानांतून पुड्यांनी मिळत असे. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे, शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. रबर आजही मिळते, पण टॅक्सीवाल्यासाठी बनवलेला माल आणि शौकिनासाठी बनवलेला माल असे दोन प्रकार आता शेजारी शेजारी टांगलेले असतात, आणि दुकानदार दोन्हींना ‘ओरिजिनल’ म्हणतो. मी रबर विकत घेताना त्याची एक बाजू बोटाभोवती घट्ट वळवून ताणलेला पृष्ठभाग उजेडात पाहतो. बरीच वर्षे टांगून ठेवलेल्या नैसर्गिक रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा दिसतात. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराचे असेच तुकडे करत जातो. ईपीडीएम प्रकारचे रबर ऊन आणि ओझोन यांना बरेच चांगले तोंड देते, म्हणून दोन पैसे जास्त देऊन तेच घ्यावे. त्याचा एक दोष ध्यानात ठेवावा लागतो: तेल, ग्रीस, रॉकेल किंवा पेट्रोल लागले की ते फुगते आणि मऊ पडते. काच बसवताना रबर सरकावे म्हणून ग्रीस लावणारे कारागीर अजून आहेत, त्यांना थांबवावे.

सलग पट्टीच्या रूपात मिळणाऱ्या रबराला कोपऱ्याचे साचे नसतात, ते काचेभोवती गुंडाळून टोके जोडावी लागतात. ते मापाला ताणून कधीही कापू नये. थोडे जास्तच ठेवून, टोके काटकोनात स्वच्छ कापून, दाबून जोडावीत, म्हणजे पुढे रबर आखडले तरी सांधा उघडत नाही. सांधा कोठे ठेवायचा यावर मतभेद आहेत आणि काहीजण तो खाली मध्यभागी ठेवतात. मला ते पटत नाही. पाणी जेथे साचते तेथे सांधा नको, म्हणून आम्ही तो वर, छताखाली मधोमध ठेवला.

दोरीवर काच बसवण्याची रीत वाचून जितकी सोपी वाटते तितकी ती हाताला नसते. रबर काचेवर चढवून झाले की पत्र्याच्या खाचेत सगळीकडून चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत नायलॉनची दोरी बसवायची आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी वीतभर एकमेकींवरून नेऊन आतल्या बाजूला लोंबती ठेवायची. खाच आणि कड दोन्ही साबणाच्या पाण्याने ओली करायची. मग काच बाहेरून चौकटीवर ठेवून, खालची बाजू आधी नीट बसवून, दोघांनी बाहेरून धरायची आणि आतल्या माणसाने दोरीचे एक टोक काचेच्या मध्याकडे, काचेला जवळजवळ समांतर ओढत जायचे. दोरी सुटते तसा रबराचा आतला ओठ तिच्यामागोमाग कडेवरून आत उलटतो. दोरी सरळ आपल्याकडे ओढली तर ती ओठ कापते. चाचा आत बसले होते आणि बाहेरून तळहाताने थाप कोठे मारायची ते एकाच शब्दात सांगत होते, “इथे. इथे. खाली.” मुठीने ठोकायचे नाही, उघड्या तळहाताने आणि दोरी ज्या जागी पोहोचली आहे तेथेच. कोपऱ्यावर येताच त्यांनी हात थांबवला, पुन्हा साबणाचे पाणी मागितले, अंगठ्याने ओठ थोडा उचलून पाहिला आणि मगच पुढे गेले. आमच्या नव्या वेल्डिंगच्या जागी दोरी जराही अडकली नाही, तेव्हा ग्राइंडिंगला दिलेला वेळ कारणी लागला असे वाटले.

पट्टी बसवायला एक हत्यार लागते: टोकाला तारेचा पोकळ डोळा असलेली मूठ. डोळा खाचेत घालून पुढे सरकवला की तो खाच उघडत जातो आणि त्यातून ओवलेली पट्टी मागे खाचेत बसते. उन्हात तापलेल्या रबरात हे काम सहज होते, थंडीच्या सकाळी ते करायला जाऊ नये. पट्टी बसल्यावर काच जाणवण्याइतकी घट्ट झाली.

यानंतरही सीलंट लागतेच, पण कधीही न वाळणारे, पुट्टीसारखे मऊ राहणारे काळे सीलंट. गाडी चालताना बॉडी हलते, काच हलत नाही. मधला थर कडक झाला तर तो एका बाजूने सुटणारच. ट्यूबचे तोंड चपटे कापून बाहेरचा ओठ लाकडी पट्टीने उचलत, आधी रबर आणि पत्रा यांच्यामध्ये आणि मग रबर आणि काच यांच्यामध्ये ते सगळीकडून भरले. ओठ खाली दाबल्यावर जास्तीचे बाहेर येते. ते प्लास्टिकच्या पट्टीने काढून उरलेला डाग व्हाइट स्पिरिटने, म्हणजे रॉकेलच्या जातीच्या द्रावकाने, जेमतेम ओलावलेल्या फडक्याने पुसला. फडके भिजवून रबरावर फिरवायचे नाही, त्याचे कारण वर आलेच आहे.

पाइपची चाचणी पुन्हा त्याच क्रमाने, खालून वर, केली. खडूची पूड डाव्या कोपऱ्यात कोरडी राहिली. उजव्या बाजूला वायपरच्या दांड्याखाली मात्र एक रेघ उमटली, कारण नवा वायसर मूळच्यापेक्षा पातळ होता. त्याच्याखाली दुसरा घालून ती बंद केली. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या रात्रभराच्या पावसानंतरही डॅशबोर्डखाली हात फिरवला तर तो कोरडाच बाहेर आला. तरी मॅटखालचा फोम मी अजून परत बसवलेला नाही. जुना फोम पाणी धरून ठेवत होता आणि त्याच्याखाली फ्लोअरचा पत्रा घाम आल्यासारखा ओला राहत होता, म्हणून तो टाकून दिला आहे. श्रावण संपेपर्यंत उघड्या पत्र्यावर नुसती रबरी मॅट राहील, म्हणजे काही आत आलेच तर ते लगेच दिसेल. तिकोनी काचांची रबरे आणून ठेवली आहेत. ती दिवाळीनंतर बसवीन, आणि त्यासाठी दाराचे पॅनेल उघडायचेच असल्यामुळे तेव्हा तळाची भोके आणि आतला प्लास्टिकचा कागद हेही काम उरकेल.